कॅरोब कुकीज आणि अचानक भेटलेला तीळगूळ

मायग्रेनपायी माझं चॉकलेट बंद होऊन दोन वर्षं झाली. सायप्रसमधल्या लिमासोलला आल्यावर दुकानात कॅरोबची, म्हणजे कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगांची, पावडर दिसली, पाकिटावर चॉकलेटला पर्याय असं लिहिलेलं, कॅफिन नाही, म्हटलं चला सुटले, आणि घरी येऊन नेहमीच्या कोको कुकीजमध्ये कोकोच्या जागी तेवढीच कॅरोब घातली. १८० डिग्री, १४ मिनिटं. खालून कोळसा, वरून गोड्ढाण! नवरा एक खाऊन म्हणाला, "यात चॉकलेट कुठंय?" चिडले, पण बरोबरच होतं त्याचं.

कोको मुळात कडू, आणि कॅरोबच्या शेंगेत चाळीस-पन्नास टक्के साखरच असते, त्यामुळे ती पटकन करपते. वर कोकोसारखं फॅट जवळपास नाहीच, म्हणून कुकी कोरडी होते. शेंगा दिसतात चिंचेसारख्या, पण चपट्या आणि काळपट. आणि गंमत म्हणजे सोन्याचा कॅरट हा शब्द याच झाडाच्या ग्रीक नावावरून आलाय, पूर्वी याच्या बियांनी वजन करायचे, आपल्याकडे गुंजांनी करायचे तसंच.

तर माझ्या करपलेल्या कुकीज बघून शेजारच्या आजी खूप हसल्या. सायप्रसच्याच त्या, कॅरोबला इथे काळं सोनं म्हणायचे हे त्यांनीच सांगितलं. मग ब्रेडवर ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, लावली, वरून कॅरोबचा काळा पाक सोडला आणि माझ्या हातात दिला. पहिला घास घेतला आणि अहो, तीळगूळ! अगदी काळ्या गुळाचा, थोडा खजुराकडे झुकणारा. मी उगाच त्यात चॉकलेट शोधत बसले होते.

मग परत केल्या. १५० ग्रॅम कणीक, ३५ ग्रॅम कॅरोब, ५० ग्रॅम साखर (आधी १०० घातलेली), ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम ताहिनी, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची, आणि गोळा होण्यापुरतं दूध. पावडरीत गुठळ्या फार असतात, चाळून घ्याच. गोळे तिळात घोळवून काट्याने दाबले, १६० डिग्रीवर ११ मिनिटं. पीठ आधीच काळं असल्याने भाजलंय का हे रंगावरून कळतच नाही, त्यामुळे घड्याळ बघायचं, मऊ वाटल्या तरी बाहेर काढायच्या, गार झाल्या की कडक होतात.

लेकीने चार खाल्ल्या. नवऱ्याने चॉकलेटचं नावही काढलं नाही, कारण मी त्याला तीळगुळाच्या कुकीज म्हणूनच दिल्या 😄 संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींना याच वाटणार. हलवा मात्र आईकडूनच येणार, तो माझ्याच्याने होत नाही.