खुडूक

घरात कुणी तोंड फुगवून कोपरा धरला की आमच्याकडे हमखास ऐकू येतं, "काय गं, खुडूक कोंबडीसारखी काय बसलीयस?" जिनं हे पहिल्यांदा म्हटलं तिनं खुडूक कोंबडी जवळून पाहिलेली असणार. अंग फुलवून दुप्पट केलेलं, नजर एका जागी खिळलेली, हात जवळ नेला की घशातून कर्रर्र आणि पाठोपाठ मनगटावर चोच. पण रुसायला तिला वेळ कुठला? ती अंडी उबवायच्या कामावर रुजू झालेली असते.

आमच्या कोकणात कोंबडी रवणावर (उबवणीला) बसवायची म्हणजे छोटा समारंभच. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर अंडी, तीही विषम, ११ किंवा १३. विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून आजी पेंढ्यात लोखंडी खिळा, कोळसा आणि सुकी मिरची खुपसायची. खिळ्यानं वीज कशी अडते, हे विचारायची सोय नव्हती. पुढचे २१ दिवस कोंबडी दिवसातून जेमतेम एकदा उठते. कणी टिपते, पाणी पिते, एकदाच काय ती भलीमोठी घाण करते आणि परत जागेवर. पोटाखालची पिसं झडतात, उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. चोचीनं ती अंडी फिरवत राहते, कडेची आत, आतली कडेला. आठवड्याभरानं रात्री अंडं टॉर्चवर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं, त्यात एक हलता ठिपका. नुसतंच पिवळं दिसलं तर ते अंडं फुकट. एवढ्यासाठी हॅचरीला साडेसदतीस अंशांचं यंत्र लागतं, अंडी फिरवायला मोटर लागते आणि वीज गेली तर जनरेटर.

आईच्या मायेची म्हण करायची वेळ आली तेव्हा मात्र मराठीनं निवडली घार. 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी.' असेल बापडीचं चित्त पिलापाशी, पण आकाशात हिंडते ती आमच्या अंगणातली पिल्लं उचलायला! कोंबड्याला निदान तांबडं फुटण्याशी जोडलं, भले झाकून का होईना. कोंबडीच्या वाट्याला खुडूक.

तिचा गुन्हा एवढाच की या काळात ती अंडी देत नाही. गावठी कोंबडीची वर्षाची अंडी साठ-सत्तर, त्यात हा खाडा. म्हणून तिचं बसणं मोडायला तिला पाण्यात बुचकळतात, डालग्याखाली कोंडतात, नाकपुड्यांतून पीस आरपार घालतात. हे शेवटचं मला कधी बघवलं नाही. पोल्ट्रीवाल्यांनी तर मुळावरच घाव घातला. पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. आज व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते आणि बसायचं जवळपास विसरून गेली आहे.

गिनी कोंबडीचं वेगळंच. मूळची आफ्रिकेतली, राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं बोडकं. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं तिचे वाण काढले, नावं ठेवली कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी. (कादंबरीचा रस्सा करायचा म्हणजे धीर हवा.) बागेत ती किडे आणि गोचिडी टिपते, साप किंवा परका माणूस दिसला की वाडी डोक्यावर घेते. नर-मादी दिसायला सारखेच; दोन सुरांची हाक आली की ती मादी. पण आई म्हणून आनंदच. अंडी गवतात कुठेतरी लपवून घालते आणि पिल्लं झाली की त्यांना दवातून फरफटत नेते. ती गारठून मरतात.

मग तिची अंडी कुणाखाली ठेवायची? आपल्या खुडूक गावठीखाली. गिनीच्या अंड्याला २६ ते २८ दिवस लागतात, म्हणून दोन्ही एकत्र लावायची तर गिनीची आठवडाभर आधी. नाहीतर आपली पिल्लं बाहेर आली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी गार पडतात. पुढे गिनीची पोरं मोठी होतात आणि तिन्हीसांजेला आंब्यावर चढून बसतात. आई खुराड्याच्या दाराशी कॉक-कॉक करून दमते.

जेवणाच्या बाबतीत मात्र या गावठी आईला अभय असतं. जावई येवो की गटारी, जातो तो कोंबडा. वड्यांसोबत रस्सा हवा तर तोही त्याचाच, नाहीतर बाजारचा बॉयलर, जो सहा आठवड्यांत वाढून कढईत येतो. नीट बसणारी कोंबडी कापायला घरची बाई हात लावू देत नाही. अंड्यांचे सुटे पैसे तिच्याच डब्यात पडतात आणि पिल्लांचा हिशेबही तीच ठेवते.

अशी कोंबडी वाडीत उसनीसुद्धा जाते. अंडी तुमची, कोंबडी आमची, पिल्लं निम्मी निम्मी. परवाच वरच्या आळीतला, हौसेनं गिनी पाळणारा एक जण दारात येऊन विचारत होता, "काकू, तुमच्यात कुणी खुडूक आहे का?" काकूंनी आधी त्याला नीट न्याहाळलं, मग कोंबडी दाखवली आणि वाटा ठरवूनच टोपली त्याच्या हातात दिली.