पडलेले जनावर गाडीत चढवताना

मागच्या महिन्यात आमची गाय गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरून पडली आणि मागचे पाय तिला टेकवता येईनात, म्हणून भुईंजजवळच्या मळ्यातून तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले. खंबाटकी घाट ओलांडायला लागला नसेल एवढा वेळ तिला पिकअपच्या हौद्यात चढवायला लागला. पोटाखालून पोती सरकवून आम्ही सात जणांनी तिला उचलले, तेव्हा बाजूला उभे असलेले आबा एवढेच म्हणाले, "बैलगाडी असती तर मागनं टेकवली असती."

बैलगाडीचा सगळा तोल एका आसावर असतो. बैल सोडून जू वर उचलले की साट्याचा, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीचा, मागचा भाग जमिनीला टेकतो. मग जनावर उचलायचे नसते, कडबा पसरून त्यावर ओढून घ्यायचे असते, आणि ते आसाच्या वर आले की जू पुन्हा खाली दाबायचे.

हाच प्रश्न घोड्यांच्या काळात मोठ्या शहरांनाही पडला होता, कारण रस्त्यात पडलेला घोडा चारशे-पाचशे किलोंचा असे आणि पाय मोडलेल्या घोड्याला बहुधा जागेवरच गोळी घातली जाई. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी तिने जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका सुरू केली; तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयाची माणसांसाठीची रुग्णवाहिका त्यानंतर, १८६९ मध्ये आली. घोड्यांच्या त्या गाडीची तळफळी बाहेर ओढता येत असे. घोड्याला तिच्यावर घेऊन हातरहाटाने फळीसकट आत ओढत, आणि ही गाडी ओढायलाही अर्थातच घोडेच जुंपलेले असत.

वाटेतली काळजी मात्र प्रत्येक जनावराची वेगळी. घोडा उभ्यानेच झोप घेऊ शकतो, म्हणून उभे राहता येत असेल तर त्याला पोटाखालच्या रुंद पट्ट्याचा आधार देऊन उभाच नेणे बरे. गाईला उभे राहता येत नसेल तर तिला छातीवर बसते ठेवावे लागते, कारण कुशीवर आडवी राहिली तर पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि पोट फुगते. आम्ही दोन्ही अंगांना भुशाची पोती लावली होती, तरी घाटाच्या प्रत्येक वळणावर मी मागे वळून पाहत होतो.

बाराव्या दिवशी गाय स्वतःच्या पायांवर उभी राहिली. घरी आणल्यावर आबांनी पिकअप मागे घ्यायला लावून मळ्याच्या उंच बांधाला भिडवली, आणि गाय हौद्यातून सरळ बांधावर चालत आली.