दिवसभर तोंड चालू असायचं त्याचं काय झालं, तुम्ही विचारलंत म्हणून

बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, कुणाच्या लग्नात, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, हल्ली मला एकच प्रश्न येतो. अरे, घरून काम सुरू झाल्यापासून तुझं दिवसभर काही ना काही चरणं चालू असायचं, ते बंद कसं झालं? आणि विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं एखादं चूर्ण, एखादा काढा, नाहीतर 'त्याऐवजी मखाणे खा' असलं काहीतरी. मखाणे मी खाऊन बघितलेत. कंटाळ्यात डबाभर शेव संपवणं आणि डबाभर मखाणे संपवणं यात फरक एवढाच, की मखाणे महाग पडतात.

त्यात आम्ही राहतो लालबागला. चिवडा गल्ली चालत पाच मिनिटांवर, म्हणजे घरातला डबा संपला तर भरायला काही कष्टच नाहीत, येता-जाता एक पाव किलो घ्यायचा की झालं. पातळ पोह्यांचा, मक्याचा, शिवाय शेव, शिवाय खारी, शिवाय आईने कुणाकुणासाठी करून ठेवलेल्या शंकरपाळ्या. आणि मुंबईतलं घर म्हणजे हॉलमधून किचन किती लांब असणार? माझ्या खुर्चीपासून चार पावलं. स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची एक पद्धत असते, अंगठा कडेला लावून दाबून धरायचं आणि हळूहळू फिरवत वर घ्यायचं, ती मला इतकी जमायला लागली होती की मीटिंग चालू असताना, कानात हेडफोन, माइक म्यूट, मी ओट्याशी उभा राहून चिवड्यातले शेंगदाणे आणि डाळवं निवडून खायचो आणि आत हॉलमध्ये आईला पत्ता नसायचा. पत्ता लागायचा तो संध्याकाळी बायकोला, कारण डब्यात नुसते पोहे आणि कढीपत्ता उरलेला.

आता यात भूक कुठेच नव्हती हे सांगायची गरज नाही. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात तसं, खरी भूक असली की सकाळची गार पोळी पण चालते. मी हीच परीक्षा ठेवली, पोळी आणि चटणी चालेल का असं स्वतःला विचारायचं. चालेल वाटलं तर सरळ बसून खायची, कारण मग दुपारचं जेवणच कमी पडलेलं असतं (नुसता भात-आमटी खाल्ली की मला चारला खरोखर भूक लागते, उसळ असली की नाही लागत, हा माझा अनुभव). पोळी नको आणि शेवच हवी वाटली तर ती भूक नाही. पण नुसतं ते कळून काय होतं, कळलं तरी हात जातोच.

मग मी जरा उलटा विचार केला की ऑफिसला जायचो तेव्हा हे का नव्हतं? कंटाळा तर तिथेही तेवढाच यायचा, किंबहुना जास्त. पण तिथे कंटाळा आला की काय करायचो, शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारायची, दोघं खाली टपरीवर, कटिंग घ्यायची, बॉसला शिव्या घालायच्या, लोकलच्या गर्दीचं रडगाणं गायचं आणि वर यायचं. सोबत कधी वडापाव असायचा कधी नसायचा, त्याचं कुणाला पडलेलं नव्हतं. म्हणजे मला हवं होतं ते खुर्चीतून उठणं आणि कुणाशी तरी बोलणं. घरी आल्यावर टपरी गेली, मित्र गेला, जिना उतरणं गेलं, आणि त्या सगळ्यातलं एकटं खाणं तेवढं उरलं. ते मी इमानेइतबारे चालू ठेवलं.

कंटाळा माणसाला काय काय करायला लावतो यावर 2014 साली एक अभ्यास छापून आला होता, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांचा. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसणार. हा झटका त्यांनी आधी घेऊन बघितला होता आणि तो टाळायला पदरचे पैसे देऊ असंही म्हणाले होते. तरीसुद्धा 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी बटण दाबलं! आमच्या घरी हे ऐकवलं तर बायको म्हणाली, त्या खोलीत चिवडा ठेवला असता तर बटणाची गरजच पडली नसती. तर सांगायचं काय, की माणसं झटका घ्यायला तयार होतात तिथे चार पावलांवर शेवेचा डबा असताना आपण हात आवरू अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे जरा जास्तच. मनाचा निग्रह वगैरे लोक सांगतात ते मला म्हणूनच पटत नाही.

दुसरा एक अभ्यास मला जास्त कामाचा वाटला. 2011 मधला, डेव्हिड नील आणि वेंडी वुड यांचा. थिएटरात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना आठवडाभर आधीचे, चामट झालेले. ज्यांना सिनेमा म्हटला की पॉपकॉर्न अशी पक्की सवय होती त्यांनी चामट पण ताज्याइतकेच खाल्ले, आवडले नाहीत तरी. पण अशीच सवय असलेल्या दुसऱ्या काही लोकांना नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं तेव्हा मात्र चामट पॉपकॉर्न मागे उरले, कारण आता घास उचलायला लक्ष द्यावं लागत होतं. हे वाचून मी डाव्या हाताने खायला गेलो तर आईने ओरडून घर डोक्यावर घेतलं, त्यामुळे तो प्रयोग तिथेच संपला. पण मुद्दा डोक्यात राहिला, की खाणं थोडं अवघड आणि थोडं दिसेल असं करायचं.

म्हणून घरात एकच नियम केला, उभ्याने खायचं नाही. काय खायचं ते खा, शेव खा, खारी खा, शंकरपाळी खा, पण बशीत काढून, डबा परत बंद करून जागेवर ठेवून, टेबलाशी बसून, आणि समोर लॅपटॉप नाही की फोन नाही. एवढंच. ऐकायला फार सोपं वाटतं पण करून बघा, नुसती शेवेची बशी समोर घेऊन भिंतीकडे बघत बसायला किती विचित्र वाटतं ते, आणि आई विचारणार, अरे काय झालं, बरं नाही का? अर्ध्या वेळा मी बशी काढायच्या कंटाळ्यानेच परत फिरायचो. म्हणजे कंटाळ्यावर कंटाळ्याचाच उतारा.

बशीत काढल्यावर अजून एक झालं, किती खातो ते डोळ्याला दिसायला लागलं. शेव-फरसाणाच्या पाकिटामागे वाचून बघा, 100 ग्रॅमला 500 च्या वर कॅलरी असतात. मुठीत तीस एक ग्रॅम सहज येतात, म्हणजे एक मूठ साधारण दीड पोळीएवढी, आणि ओट्याशी उभं राहून मुठी कोण मोजतो?

आणि चार वाजता मी खाली उतरतो. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोकांना सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांना डाएट हवं असतं. दुधाची पिशवी, कोथिंबिरीची जुडी, इस्त्रीचे कपडे, काहीतरी एक काम संध्याकाळसाठी मुद्दाम राखून ठेवायचं आणि चारला ते करायला जायचं. इस्त्रीवाल्या भैयाशी क्रिकेट, वॉचमनशी लिफ्टची तक्रार, भाजीवाल्या मावशींशी टोमॅटोच्या भावावरून खोटं खोटं भांडण. मावशी तर आता साडेचार झाले की वरच्या मजल्यावरच्यांना विचारतात, आज आले नाहीत का तुमचे शेजारी? वीस मिनिटांत वर येतो तेव्हा खाखा गेलेली असते. पावसाळ्यात हे जमत नाही हे कबूल, मग जिन्याने टेरेसपर्यंत जाऊन येतो नाहीतर मित्राला फोन लावतो, फोनवर बोलताना येरझाऱ्या आपोआप होतात.

आईचं मात्र वेगळं प्रकरण होतं. तिच्या मते काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी दर दोन तासांनी काहीतरी नेऊन ठेवलं नाही तर ती आई कसली. तिला नको म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. मग मी तिला म्हटलं, मला नेऊन देऊ नकोस, सहाला आपण दोघं बसून चहाबरोबर खाऊ. आता सहाला ती स्वतःच बशा मांडते, आणि चिवड्यातले शेंगदाणे मोजून दोघांत वाटते, मागचा हिशोब ती विसरलेली नाही.

किती दिवस लागतात, हे पण सगळे विचारतात. व्हॉट्सअॅपवर 21 दिवसांचा मंत्र फिरतो तो सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती वेळ लागतो ते बघितलं होतं, सरासरी 66 दिवस आले पण माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत. तेव्हा शेजाऱ्याचं झालं आणि माझं नाही झालं म्हणून डोक्याला ताप करून घेऊ नका. आणि हो, कुणी पोट फुटेपर्यंत लपून खात असेल, खाताना थांबताच येत नसेल, नंतर रडू येत असेल, तर ते कंटाळ्याचं खाणं नाही, तिथे माझी बशी चालणार नाही, डॉक्टरांकडे जा.

राहिला रात्री अकराचा प्रश्न, तो जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर हमखास येतो. रात्री अकराला मला खावंसं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा झोप आलेली असते आणि मी उगाच रील्स बघत बसलेलो असतो, तेव्हा फोन चार्जिंगला लावायचा आणि आडवं व्हायचं. मॅच असेल तर गोष्ट वेगळी. मॅचला मी खातो, बशी घेऊन, आणि समोर स्क्रीन नको हा नियम त्या दिवशी बायकोने पण माफ केलेला आहे, कारण शेव तिलाही लागते.