स्टिरिओ नवा, अ‍ॅम्प्लिफायर कंपनीचाच

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि तुमच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून मोठ्या स्क्रीनचा नवा बसवायचाय. गाडीत कंपनीचाच वेगळा, सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर आहे. तो तसाच ठेवता येतो, की त्यालाही उचलून बाहेर काढायचं?

ठेवता येतो. बहुतेकांनी ठेवावाच, असं माझं मत. पण ‘ठेवता येतो’ याचा अर्थ ‘कपलर (तारांचा प्लग) लावला आणि गाणी सुरू’ असा घेऊ नका.

आधी गाडीत खरोखर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आहे का, ते बघा. स्पीकरच्या जाळीवर बोस, जेबीएल, हरमन कार्डन असा बिल्ला असेल तर तो असणार, हे जवळपास धरून चाला. डबा सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे किंवा डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी दडवलेला असतो. बिल्ला नसलेल्या गाड्यांतही कधीकधी सापडतो. पॅनल उचकटायच्या आधी मल्टिमीटरने खात्री करता येते. स्टिरिओ बंद करा, बाहेर ओढा, मागचा कपलर काढा आणि ज्या दोन तारा डाव्या पुढच्या स्पीकरच्या म्हणून ठाऊक आहेत त्यांच्यातला रोध, म्हणजे ओहम, मोजा. तीन-साडेतीन दाखवले तर तारा थेट चार ओहमच्या स्पीकरवर गेल्यात, मध्ये कोणी नाही. शेकड्यांत किंवा हजारांत आकडा आला तर पलीकडे अ‍ॅम्प्लिफायरची इनपुट बसलीय. मल्टिमीटर नसेल तर पेन्सिल सेलची दोन टोकं त्याच दोन तारांना क्षणभर टेकवा. स्पीकर थेट असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो, नाहीतर सगळं गप्प.

आता ठेवायचा कशासाठी? ‘कंपनीचा अ‍ॅम्प म्हणजे भंगार, बायपास करून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा त्या गाडीतल्या स्पीकरच्या पाठीवरचा आकडा वाचावा. अशा सिस्टीममधले स्पीकर पुष्कळदा दोन ओहमचे असतात, काही त्याहूनही कमी. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंचा आतला अ‍ॅम्प चार ते आठ ओहमसाठी बनवलेला असतो. त्याला दोन ओहमचा स्पीकर जोडला की तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि आवाज वाढवला की स्वतःला बंद करून घेतो. ही झाली एक बाजू. दुसरी म्हणजे ट्विटरला फक्त वरचे सूर आणि वूफरला फक्त खालचे, ही वाटणी अशा गाड्यांत बहुधा अ‍ॅम्पच्या आत होते. अ‍ॅम्प गेला की वाटणीही गेली, आणि बिचाऱ्या ट्विटरच्या अंगावर ढोलकीही येऊन पडते. शिवाय दाराच्या पोकळीत कोणता सूर घुमतो, काचेवरून कोणता परततो, हे मोजून त्या अ‍ॅम्पचा इक्वलायझर, म्हणजे कोणता सूर किती वाजवायचा ही मांडणी, बसवलेला असतो. बोसने जनरल मोटर्ससोबत 1983 च्या मॉडेलांत, कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत, पहिल्यांदा अशी सिस्टीम दिली तीच मुळी ‘या गाडीसाठी हे स्पीकर आणि हाच अ‍ॅम्प’ या हिशोबाने. ही जोडी लग्नाची आहे, फोडायची तर दोघांनाही काढावं लागतं.

स्पीकरही बदलणार असाल, वेगळा सबवूफर बसवणार असाल, तर गोष्ट निराळी. मग कंपनीचा अ‍ॅम्प खुशाल काढा. अर्धं काढून अर्धं ठेवणारे मात्र हमखास रडतात.

ठेवायचं ठरलं, की स्टिरिओच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी एवढं शोधून काढा: तुमच्या गाडीत आवाज कमी-जास्त कोण करतं, स्टिरिओ की अ‍ॅम्प? हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुढचं सगळं याच्यावर अवलंबून असतं. जुन्या धाटणीच्या गाड्यांत नॉब फिरवला की स्टिरिओ स्वतःच सिग्नल लहान-मोठा करतो, अ‍ॅम्प बापडा आला तो सिग्नल वाढवून पुढे पाठवतो. तिथे नवा स्टिरिओ सुखाने बसतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत मात्र स्टिरिओ एकाच पातळीचा सिग्नल देत राहतो आणि ‘आवाज एक घर वाढव’ हा निरोप गाडीच्या डेटा लाइनवरून अ‍ॅम्पला जातो. बाजारातून आणलेल्या स्टिरिओला ही भाषा येत नाही. निरोप न मिळालेला अ‍ॅम्प मग मुका राहतो, नाहीतर एकाच पातळीवर ठणाणा करत बसतो. अशा गाडीसाठी त्या मॉडेलचा इंटरफेस मॉड्यूल घ्यावाच लागतो. तो स्टिरिओ आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसतो आणि जुना स्टिरिओ जागेवरच आहे अशी गाडीची समजूत घालतो.

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, आउडी, व्होल्व्हो यांनी 2000 नंतरच्या कित्येक मॉडेलांत मोस्ट नावाची ऑप्टिकल फायबरची लाइन वापरली. तिथे तांब्याच्या तारेतून नव्हे, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपात आवाज जातो, आणि सगळी उपकरणं एका रिंगणात जोडलेली असतात. मधलं एक काढलं की रिंगण तुटतं आणि बाकीचीही गप्प होतात. तिथे मॉड्यूलशिवाय हात घालू नका. आणि मॉड्यूल मागताना नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. साल सांगा, व्हेरियंट सांगा, आणि ‘कंपनीच्या प्रीमियम साउंडवाली’ हे मुद्दाम सांगा. एकाच मॉडेलच्या साध्या आणि प्रीमियम गाडीचा मागचा कपलर वेगळा असू शकतो.

साध्या, तारेच्या गाड्यांतही एक खोच आहे. अ‍ॅम्पला किती मोठा सिग्नल हवाय? नव्या स्टिरिओतून आवाज दोन वाटांनी बाहेर पडतो. एक आरसीए पिनांची, म्हणजे प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पसाठीचा लहान सिग्नल), दोन किंवा चार व्होल्टचा. दुसरी वाट थेट स्पीकरच्या तारांची: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदारीण. डब्यावर 50 वॅट गुणिले चार छापलेलं असलं तरी सलग मिळतात साधारण 20. म्हणजे चार ओहमच्या हिशोबाने नऊएक व्होल्ट. एक-दोन व्होल्टची सवय असलेल्या अ‍ॅम्पच्या कानात नऊ व्होल्ट ओतले की आवाजाच्या चाळीस घरांपैकी पाचव्यावर गाडी दणाणते आणि गाणं थांबल्यावर ‘स्स्स’ ऐकू येत राहतं. स्टिरिओच्या आउटपुट टप्प्याची स्वतःची बारीक खरखर असते, ती आवाजाच्या नॉबबरोबर कमी होत नाही. तुम्ही नॉब कायम तळाशी ठेवता, म्हणून गाण्याच्या मानाने ती मोठी वाटते. यावर उपाय लाइन आउट कन्व्हर्टर, म्हणजे स्पीकरच्या तारांतला मोठा सिग्नल लहान करणारी डबी. त्याच्यावरचा छोटा स्क्रू असा फिरवा, की तुमचा नेहमीचा ‘मोठा’ आवाज नव्या स्टिरिओच्या पाऊण पट्टीवर यावा. याच्या उलट काही कंपन्यांचे अ‍ॅम्प स्पीकरच्या पातळीचाच सिग्नल मागतात. त्यांना आरसीए दिलं तर सगळं मिळमिळीत वाजतं.

त्या काळ्या पट्ट्याच्या तारांबद्दल एक ताकीद. त्या अर्थ, म्हणजे बॉडीला जोडायच्या तारा, नव्हेत. या आउटपुटमध्ये प्लस आणि मायनस दोन्ही तारा बॅटरीच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर उभ्या असतात. चारही मायनस एकत्र पिळून बॉडीला लावणारे कारागीर अजून आहेत, आणि त्यांच्यामुळे जळलेले स्टिरिओही आहेत.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट: शिट्टी. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक ‘उंईं’ येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर वर चढतो. अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, आहे ती. कंपनीच्या सिस्टीममध्ये पुष्कळदा प्रत्येक चॅनेलला दोन तारा असतात, दोन्हीत तोच सिग्नल एकमेकांच्या उलट. अ‍ॅम्प फक्त दोघांतला फरक बघतो. वाटेत जी घाण मिसळते ती दोन्ही तारांत सारखी मिसळते, म्हणून फरकात ती उरतच नाही. आरसीएत ही सोय नाही. त्याच्या केबलची बाहेरची जाळी स्टिरिओच्या अर्थला जोडलेली असते. ती जाळी अ‍ॅम्पच्या मायनस इनपुटला बांधली की दोन टोकांच्या अर्थमधला जरासा फरकही गाण्यात उतरू शकतो. कित्येक गाड्यांत असं जोडूनही चालून जातं, नाही म्हणत नाही. पण शिट्टी आली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

शोधायची रीत अशी. इंजिन चालू ठेवा, आवाज शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती नॉबच्या पुढे घुसतेय, म्हणजे स्टिरिओपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या तारेत किंवा अर्थमध्ये. आवाजाबरोबर कमी-जास्त होत असेल तर नॉबच्या अलीकडे, आणि तिथे पहिला संशयित चार्जरला लावलेला मोबाइल. पुढे घुसत असेल तर एक लांब जाड वायर घ्या, एक टोक स्टिरिओच्या पत्र्याला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ बोल्टला तात्पुरतं दाबून धरा. शिट्टी पडली तर दोष अर्थचा. मग स्टिरिओची काळी तार कपलरमधल्या जुन्या अर्थवर भरवसा न ठेवता स्वच्छ, रंग खरवडलेल्या पत्र्याला स्वतंत्र बांधा. दोन अर्थमधला संबंध तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, पण तो शेवटी. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि हलक्या दर्जाचे असले की तळाचा बास खातात. आणि हो, आरसीएच्या पिना स्टिरिओ चालू असताना काढू-घालू नका. काही स्टिरिओंत आरसीएच्या अर्थची पट्टी केसासारखी बारीक असते. ती उडाली की जी शिट्टी लागते ती कोणत्याही वायरने जात नाही.

‘सगळं बरोबर जोडलं, स्क्रीन लागते, आवाजच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी निळ्या तारेबद्दल विचारतो. नव्या स्टिरिओला बहुधा दोन निळ्या तारा असतात. पांढऱ्या पट्ट्याची निळी अ‍ॅम्पला ‘ऊठ’ म्हणायची, निव्वळ निळी अँटेनाची. अ‍ॅम्पची तार चुकून अँटेनाच्या तारेला लावली तर पुष्कळ स्टिरिओंत रेडिओ झकास वाजतो आणि ब्लूटूथवर गेलं की सगळं मुकं होतं, कारण त्या तारेवर वीज फक्त रेडिओ चालू असतानाच येते. काही जण कंटाळून ही तार थेट कायमच्या पिवळ्या तारेला जोडतात. अ‍ॅम्प मग रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली असते.

स्टिअरिंगवरच्या बटणांबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक गाड्यांसाठी अडॅप्टर मिळतो, तो घ्या. मात्र जुना स्टिरिओ काढायच्या आधी दार उघडं ठेवून, बेल्ट न लावता, इंडिकेटर देऊन सगळे टिंग-टिंग कुठून येतात ते ऐका. काही गाड्यांत, जनरल मोटर्सच्या पुष्कळ मॉडेलांत, हे इशारे स्टिरिओमार्फत स्पीकरमधून येतात. स्टिरिओ गेला की तेही गेले. ते परत आणणारे मॉड्यूल मिळतात, पण ते आधीच सांगून घ्यावं लागतं.

कंपनीचा कपलर कापू नका. मध्ये बसणारं हार्नेस (तारांचा तयार जोड) घ्या, जोड त्याच्या तारांवर करा, नीट क्रिम्प करून (धातूची टोपी दाबून). नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारा उन्हाने टेप सुटली की एकमेकींना भेटतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा, काही मिनिटं थांबा, आणि डॅशबोर्डमध्ये पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात.

राहता राहिला जोडीला येणारा प्रश्न: नवा स्टिरिओ लावल्यावर बास वाढेल का? थोडाफार. काही सिस्टीम आवाज चढत गेला की बास स्वतःहून आवरता घेतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. ही कात्री जुन्या स्टिरिओत असेल तर त्याच्याबरोबर गेली, फरक लगेच कळेल. अ‍ॅम्पमध्ये असेल तर नव्या स्टिरिओवर बास कितीही चढवा, मोठ्या आवाजाला तो पुन्हा छाटलाच जाणार.