लोहारकाम सोडलं

आज वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये लोहारकाम सोडलं. जीवावर आलं होतं. मुख्य धंदे दोनच ठेवता येतात आणि सोडलेल्याचं कौशल्य पार पुसलं जातं. पण चिलखत माणूस एकदा घेतो, औषधाच्या बाटल्या दर रेडला, म्हणजे टोळीनं केलेल्या मोठ्या लढाईला, संपतात. माझी चिलखतं लिलावघरातून परत यायची, अनामतही बुडायची. विकलं तरी ५ टक्के कापतातच.

आता वनस्पती खुडणं आणि किमया, म्हणजे त्यांची औषधं बनवणं. जादूची शक्ती भरून देणाऱ्या मेजर मना पोशनच्या बाटलीला तीन ड्रीमफॉइल, दोन आइसकॅप या वनस्पती लागतात. म्हटलं, खुडलेलं फुकटच! बाबा पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटो नेतात, ते फोनवर म्हणाले, "घरच्या मालाचाही भाव धरायचा, बाळा." रात्री गंगापूर रोडच्या खोलीत वही काढली. कच्च्या ड्रीमफॉइलचा भाव धरूनही बाटलीमागे नफा उरतोय. फार बरं वाटलं.