चाकांची काजळी

दसऱ्याच्या सकाळी आई गाडीच्या पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावायला वाकली आणि परत उभी राहिली तेव्हा तिचं बोट काळं झालं होतं. कुंकवाचं बोट, आणि काळं. तिने एकदा बोटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "परवाच धुतलीस ना रे?"

परवाच धुतली होती. शॅम्पू लावून, अलॉयच्या प्रत्येक स्पोकला जुना टूथब्रश मारून, गुडघे दुखेपर्यंत. त्यानंतर गाडी दोन दिवस ऑफिसला गेली आणि पहाटे झेंडू आणायला मार्केट यार्डात गेली, तेवढंच. आता पुण्यात मार्केट यार्डात जाऊन यायचं म्हणजे ब्रेकवर पाय ठेवूनच जाऊन यायचं, हे मान्य, पण तरी.

गाडी जर्मन आहे, सेकंडहॅंड आहे, कंपनीचं नाव काढत नाही. चांदीच्या रंगाची अलॉय बघूनच ती घेतली हे बायकोला माहीत आहे. आणि त्या चांदीवर चार दिवसांत चुलीवरच्या पातेल्यासारखी काजळी चढते. ती ब्रेक घासून पडते, पुढच्या दोन चाकांवर जास्त, कारण ब्रेक मारला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढचेच ब्रेक करतात. सोसायटीत गाड्या धुणारे काका रोज सकाळी एकाच फडक्याने बॉनेट पुसून त्याच फडक्याने चाक पुसायचे, आणि परत त्याच फडक्याने शेजारच्या गाडीचं बॉनेट. ती काजळी म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आहे हे कळल्यापासून मी काकांना चाकांसाठी वेगळं फडकं आणून दिलं. त्यांनी ते घडी करून बादलीच्या कडीला बांधलं, आणि ते अजून तिथेच आहे, कोरं.

तर हा लोखंडाचा कीस येतो कुठून? मला आधी वाटायचं ब्रेकचे पॅड झिजतात म्हणून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, डिस्कला, दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवणारे ठोकळे. पॅड तर झिजतातच, पण युरोपातल्या गाड्यांना येतात ते पॅड लो-मेटॅलिक जातीचे असतात, त्यात स्टीलचे तंतू आणि घासणारे कण असतात आणि ते स्वतःबरोबर डिस्कलाही खातात. म्हणजे चाकावर जे दिसतं त्यात बराचसा भाग बिडाच्या डिस्कचाच असतो. पाणी लागलं की तो कीस गंजतो, म्हणून काळ्याचे तांबूस ठिपके होतात आणि मग नुसत्या शॅम्पूने निघत नाहीत. बरं, जर्मनांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्या ऑटोबानवर मोठमोठ्या पट्ट्यांना आजही वेगाची मर्यादा नाही, पावसात थंड ब्रेकवर दोनशेच्या स्पीडने आलेला माणूस पॅडलला पाय लावेल तेव्हा गाडी तिथल्या तिथे धरली पाहिजे, या हिशोबाने तो पॅड बनवलेला असतो. आमचा टॉप स्पीड चांदणी चौकापर्यंत बावीस.

मी एकदा बसून हिशोब केला. सतराशे किलोची गाडी शंभरच्या स्पीडवरून उभी करायची तर साडेसहा लाख जूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटर पाण्याला आधण येईल, म्हणजे कटिंगचे वीसेक कप. प्रत्येक वेळी करकचून ब्रेक मारला की वीस कप चहा चार डिस्कवर ठेवायचा आणि काही सेकंदांत, आणि वर आपण म्हणणार की काजळी का आली. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ब्रेक लागतो ना? मग झालं."

बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बंद डब्यासारखे, त्यामुळे जे काय झिजायचं ते आतल्या आत ड्रममध्ये साठायचं आणि बाहेर पत्ताच नाही. सर्व्हिसिंगला मेकॅनिक ड्रम उघडायचा, आतल्या घासणाऱ्या अस्तरावर, लायनरवर, तोंडाने फुंकर मारायचा, ढगभर धूळ उडायची आणि मी लहान, शेजारी उकिडवा बसून बघायचो, मला तो वास आवडायचासुद्धा. त्या काळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, फुफ्फुसांना घातक. हे आठवलं की अजून घसा खाजतो. बाकी घासणारं काहीतरी चाकाला लावायचं ही आयडिया फार जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झबाई नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसकट मॅनहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाल्या, नवऱ्याला न सांगता, आणि उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरची सुरुवात तिथली म्हणतात. चामड्याची काजळी कुठल्या रंगाची पडली असेल कोण जाणे.

तर दसऱ्यानंतर मी सिरॅमिक पॅडच्या नादी लागलो. आधी एक घोळ होतो तो सांगतो, कारण माझा झाला होता. लाखो रुपयांचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतात ते वेगळे, त्यात डिस्कच सिरॅमिकची असते. आपले ते हे नाहीत. आपली डिस्क तीच बिडाची, फक्त पॅडमध्ये स्टीलऐवजी सिरॅमिकचे तंतू आणि बाकी मसाला. हे डिस्कला कमी खातात, जो भुगा पडतो तो फिकट असतो आणि चाकाला चिकटून बसत नाही. अमेरिकेत आणि जपानमध्ये हे पॅड पूर्वीपासून चालतात, आणि तिथेही जर्मन गाड्या घेतलेले लोक पहिल्यांदा हेच बदलतात म्हणे. म्हणजे माझ्यासारखे शहाणे सगळीकडे आहेत.

मेकॅनिकने डबा उलटापालटा करून बघितला आणि आधी पॅडची पाठ बघितली. तिथे आर-९० चा शिक्का लागतो, युरोपातला नियम आहे, बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर पाहिजे. शिक्का होता. मग म्हणाला, "साहेब, गाडीचे ब्रेक चांगले आहेत, पॅड निम्मे शिल्लक आहेत. कशाला?" मी म्हटलं चाकं काळी होतात. त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं दसऱ्याला आईने बघितलं होतं. पण काम मन लावून केलं. पुढच्या चाकांचे जुने पॅड काढले, पॅड धरून दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना पुसून नवीन ग्रीस लावलं, पॅड संपत आले की सांगणाऱ्या वेअर सेन्सरची वायर निघताना तुटली ती नवीन घेतली, आणि डिस्कवर बोट फिरवून कडेला आलेली धार मला दाखवली. "बघा, एवढं खाल्लंय." नखाएवढी धार होती. इतके दिवस मी जे टूथब्रशने घासत होतो ते हे.

नवीन पॅड डिस्कवर बसवायला लागतात, नुसते लावून चालत नाही. साठच्या स्पीडवरून वीसपर्यंत आणायचं, थांबायचं नाही, परत साठ, असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न मारता गाडी फिरवून गार करायची. पुण्यात हे करायला जागा कुठली? रविवारी पहाटे साडेपाचला हिंजवडी फेज थ्रीला गेलो, आठवड्यात तेवढाच वेळ तो रस्ता रस्ता असतो. पाचव्या-सहाव्या वेळेला जळक्या रबरासारखा वास यायला लागला, तो यायचाच असतो. मॉर्निंग वॉकचे एक आजोबा काठी टेकून थांबले होते, मी तिसऱ्यांदा त्यांच्यासमोरून स्पीड घेऊन, ब्रेक मारून, परत स्पीड घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हात केला. थांबता येत नव्हतं म्हणून मी पुढे गेलो. पुढच्या फेरीला ते काठी उचलून फुटपाथच्या पार आत जाऊन उभे होते.

फरक पडला का? पडला. आठ दिवस चाकं चांदीची राहिली, मग करडी झाली, राखेसारखी, नुसतं पाणी मारलं तरी जाते. त्याआधी जुना थर काढायला लोखंड विरघळवणारं क्लीनर आणलं होतं, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं त्याच जातीचं रसायन, आणि वासही तसाच, पार्लर आणि नासकं अंडं यांच्या मधला. मारलं की दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळा रस गळायला लागतो, जांभळाच्या झाडाखाली गाडी लावल्यासारखा. रसायनाची लोखंडाशी गाठ पडल्याचा तो रंग. हातमोजे घालून मारा, आणि उन्हात तापलेल्या चाकावर नको.

पण फुकट काही मिळत नाही. आधी पॅडलला पाय टेकवताच गाडी कचकन धरायची, आता सकाळी पहिल्या सिग्नलला पाय थोडा जास्त दाबावा लागतो. आठवड्यात सवय झाली. खंबाटकी घाट उतरताना गिअर खाली घेतो, ते आधीही घ्यायला पाहिजेच होतं. आणि भुगा गायब झालेला नाही, फक्त कमी झाला आणि दिसेनासा झाला, माझ्या चाकावर नाही म्हणजे कुठेतरी उडालाच असणार. युरोपात २०२४ ला मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदा ब्रेकच्या हवेत उडणाऱ्या बारीक भुग्यावर मर्यादा आली आहे, पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. दहा हजार किलोमीटरला ७० ग्रॅम, वाटीभर. धुराड्यावर एवढी वर्षं भांडलो आणि हा आपला चाकापाशी निवांत बसलेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांची इलेक्ट्रिक आहे, ती बऱ्याचदा मोटरनेच थांबते, तिच्या चाकांकडे मी मुद्दाम बघत नाही.

परवा काका बादली ठेवून थांबले. "साहेब, एक सांगू? हल्ली तुमची मागची चाकं लई काळी पडायला लागलीत."

मी म्हटलं, काका, मागची पहिल्यापासून तशीच आहेत, पुढची साफ झाली म्हणून ती दिसतात. काकांना काही पटलं नाही. "नाही नाही, आत्ताच झालंय. दाखवून घ्या कुणाला तरी." आणि फडकं पिळून बॉनेटला लागले.

मेकॅनिकला फोन केला. फक्त भाव विचारला, मागच्या पॅडचा.