बोरिवली–गोरेगाव पट्ट्याची नोंदवही : पावसाळ्यानंतरची प्रगती

मंडळी, पावसाळ्यात बाहेरचं काम जवळजवळ थांबलं होतं. शेवाळलेल्या दगडावर अक्षर दिसत नाही आणि गावठाणांच्या बोळांतून माप घेत फिरणंही जमत नाही. दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात केली आहे. उपनगरांच्या इतिहासात रमणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी आमच्या गटाचं काम कुठवर आलं ते इथे मांडतो. तुमच्या भागात तुम्ही असंच काही करत असाल, तर यातलं बरंच उपयोगी पडेल.

आमचा पट्टा दहिसर नदीपासून गोरेगावपर्यंतचा. काम तीन वह्यांत चालतं : एक दगडांची, एक गावांच्या आणि जागांच्या नावांची, एक माणसांच्या आठवणींची. सुरुवातीला या वह्या वेगवेगळ्या लोकांकडे होत्या. आता एकाच दगडाची नोंद तिन्हींत एका क्रमांकाखाली जाते. दगड जुना आहे, सुंदर आहे, एवढ्यावर आम्ही नोंद पूर्ण झाली असं मानत नाही. तो कुठे उभा आहे, आधी कुठे होता, आजूबाजूचे लोक त्याला काय म्हणतात, कोण पुजतं, कधी पुजतं, हे सगळं मिळालं की मगच नोंद पूर्ण. माझ्या मते दगडाची जागा ही त्याची निम्मी माहिती असते, आणि तीच सर्वांत आधी नाहीशी होते.

एकसरचे वीरगळ

बोरिवली पश्चिमेच्या एकसरमधले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहेत. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, त्यांचं सविस्तर वर्णन आहे. सहा शिळा, काही तर माणसाहून उंच. वीरगळ वाचायचा तो खालून वर. सर्वांत खाली लढाई आणि वीराचा मृत्यू, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, पण एकसरच्या काही शिळांवर जहाजं कोरलेली आहेत, डोलकाठीची, वल्ह्यांची, माणसांनी भरलेली. दगडात कोरलेलं समुद्रयुद्ध आपल्याकडे फार क्वचित पाहायला मिळतं आणि ते लोकल गाडीच्या स्टेशनापासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या वेळी आम्ही फक्त जहाजांवर काम केलं. गटात एक निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. प्रत्येक पट्टीतल्या प्रत्येक जहाजाचं त्यांनी समोर उभं राहून रेखाटन केलं : नाळ (जहाजाचं पुढचं टोक) कुठल्या बाजूला, डोलकाठी कुठे, वल्ही किती दिसतात, वर उभ्या माणसांच्या हातात काय आहे. फोटोत सपाट वाटणारी झिजलेली कड हाताने काढताना लक्षात येते, कारण काढणाऱ्याला प्रत्येक रेषेचा निर्णय घ्यावा लागतो. ज्या रेषेबद्दल खात्री नाही ती तुटक काढायची, असा नियम केला आहे. दोन जणांनी एकमेकांचं न बघता काढायचं आणि नंतर ताडून पाहायचं, हेही आता ठरलं आहे.

हे युद्ध कोणाचं, यावर गटात बरीच चर्चा झाली. शेवटचा उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातला हा संघर्ष, असं मत प्रचलित आहे. त्याला आधार आहे तो यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीचा, म्हणजे राजाच्या स्तुतिपर श्लोकांचा. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला वडवानल (समुद्राच्या पोटातला अग्नी) बरा वाटला, अशा अर्थाचं तिथे म्हटलं आहे, म्हणजे सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाचा काळ १२६१ ते १२७०, त्यामुळे या शिळाही त्याच सुमाराच्या मानतात. तर्क मला पटतो. पण राजाचं नाव आणि साल यांची खात्री देणारा लेख शिळांवर नाही. म्हणून आमच्या वहीत ‘नौयुद्धाचे प्रसंग; सोमेश्वर–महादेव संघर्षाशी संबंध जोडतात’ एवढंच लिहिलं आहे. काही जणांना हे फार सावध वाटलं. मला तसं वाटत नाही. आपली वही उद्या कोणी शाळेतलं पोर उघडेल, तेव्हा दगडावर दिसतं ते कुठे संपलं आणि आपला विचार कुठे सुरू झाला हे त्याला कळलं पाहिजे.

नवीन गद्धेगाळ

या हंगामातली सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या एका गावठाणात मिळालेला गद्धेगाळाचा खालचा तुकडा. जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण असे सुटे दगड उचलून नेले जातात. संबंधित खात्याला पत्र दिलं आहे, आणि ज्या घराच्या ओट्यालगत तो आहे त्या घरच्यांना त्याचं मोल समजावून सांगितलं आहे. खरं तर त्यांनीच तो इतकी वर्षं सांभाळला.

ज्यांना गद्धेगाळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा दानाचा दगड. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिको. मध्ये लेख असेल तर तो. आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं शिल्प, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून चित्रात कोरलेली. परळला मिळालेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या शिलालेखात हीच शिवी शब्दांत आहे. तो लेख शके ११०८चा. मुख्य मजकूर संस्कृत, आणि शाप मात्र त्या काळच्या रोखठोक मराठीत. ज्याला धाक घालायचा त्याच्या भाषेत धाक घातला आहे. सगळ्या गद्धेगाळांवर लेख असतोच असं नाही. आमच्या तुकड्यावर गाढवाचे मागचे पाय, शेपूट आणि स्त्रीच्या देहाची बाह्यरेषा स्पष्ट आहे. वरचा भाग तुटला आहे आणि तुटलेल्या कडेलगत दोन आडव्या रेघा दिसतात. त्या लेखाच्या ओळींच्या आखणीच्या की चौकटीच्या, हे वरचा तुकडा मिळाल्याशिवाय ठरणार नाही.

शके आणि इसवीचा मेळ घालताना नव्या सभासदांचा गोंधळ होतो, म्हणून परळचंच उदाहरण घेतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे आपण पाठ केलेलं असतं. पण त्या लेखाचा महिना माघ आहे. माघ येईपर्यंत जानेवारी उजाडलेला असतो आणि शक बदलायला अजून चैत्र यायचा असतो. म्हणून तिथे ७९ मिळवायचे आणि साल येतं ११८७. लेखात संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर तेही ताडून बघायचं. दोन्ही जुळलं तर वाचन बरोबर असण्याची शक्यता वाढते.

त्या परळच्या लेखातून जागेबद्दलचा धडाही मिळतो. दगड मिळाला परळला, पण दान आहे साष्टीतल्या (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे यांचं बेट) माहवली गावातल्या एका वाडीच्या उत्पन्नातलं, चोवीस द्रम्म (त्या काळची नाणी), वैद्यनाथाच्या पूजेसाठी. म्हणजे लेख वाचला नसता तर हा दगड परळच्या जमिनीचा असंच कोणीही धरून चाललं असतं. आमच्या तुकड्यावर तर वाचायला एकही अक्षर उरलेलं नाही. तिथे फक्त माणसांची आठवण कामाला येते. त्या घरातल्या आजोबांशी बोलायला आमच्यातल्या दोघी गेल्या. ते म्हणाले, “पोरी, हा दगड हितला न्हाय. वरच्या शेताच्या बांधावर हुता. शेत गेलं, इमारत झाली, तवा आमच्या बाबानं हिकडं आणला.” त्या एका वाक्याने आमच्या नकाशावरची खूण बरीच वर सरकली. आता त्या बांधाचा शोध जुन्या भूमापन नकाशावर चालू आहे. दान जमिनीचं असेल, तर शीव आणि बांध सापडणं म्हणजे अर्धा लेख वाचण्यासारखंच आहे.

दगड कसा पाहतो

यावर बरेच प्रश्न आले होते. आम्ही दगडाला खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावत नाही. खडू भरून अक्षरं उठावदार दिसतात खरी, पण आपण भरलेली रेघ आणि कोरलेली रेघ यांचा नंतर पत्ता लागत नाही, शिवाय भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते. शेंदूर असेल तर तो खरवडायचा नाही. ती कोणाची तरी श्रद्धा आहे, आणि अनेक ठिकाणी त्या श्रद्धेमुळेच दगड आज जागेवर आहे.

त्याऐवजी रात्री जातो. टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरायचा, म्हणजे उजेड आडवा घसरत जातो आणि उथळ रेघेलाही सावली पडते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवायचा, आणि टॉर्च एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग वरून, मग खालून. चार फोटो एकापुढे एक ठेवले की एका बाजूच्या उजेडात लपलेली रेघ दुसऱ्यात उभी राहते. गाढवाची शेपूट आम्हाला अशीच दिसली. दिवसा पाहताना ती दगडाची भेग वाटत होती.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी फोनचा कॅमेरा पुरतो. ढगाळ दिवस निवडायचा, कारण कडक सावल्या त्रास देतात. दगडाभोवती फिरत प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर किमान दोन तृतीयांश चढेल असा घ्यायचा, आणि शेजारी पट्टी ठेवायची, नाहीतर प्रतिकृती देखणी होते पण माप कळत नाही. कागदी ठसा घेण्याची कला गटातल्या दोघांना अवगत आहे, पण संरक्षित स्मारकाच्या बाबतीत परवानगीशिवाय ठसा घ्यायचा नाही यावर आम्ही ठाम आहोत.

नावांची वही

ही वही सध्या वेगाने भरते आहे. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली गाडी धावली, तेव्हाच्या स्थानकांत गोरेगाव हे नाव नाही. तिथे आहे ‘पहाडी’. ते नाव फलाटावरून गेलं, पण मिळकत पत्रिकेवर आजही ‘पहाडी गोरेगाव’ असं येतं. आमच्यातल्या बहुतेकांनी आपापल्या इमारतीच्या मिळकत पत्रिकेवरचं महसुली गावाचं नाव पहिल्यांदाच नीट पाहिलं. कोणी स्वतःला कांदिवलीकर समजत होतं ते निघालं पोईसरचं किंवा आकुर्लीचं, तर कोणी बोरिवलीचं निघालं शिंपवलीचं. मागाठाण्याच्या सभासदाला तर विशेष आनंद झाला, कारण कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या एका लेखात भिक्षुसंघाला दिलेल्या शेताच्या संदर्भात मंगलस्थान हे गाव येतं, आणि अभ्यासक त्याचा संबंध मागाठाण्याशी जोडतात. बसच्या पाटीवर रोज वाचलेलं नाव इतकं जुनं असू शकतं, हे कळल्यावर तो त्याच रविवारी मागाठाण्याच्या लेण्यांकडे गेला.

कागद शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ही गावं १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, आणि १८८२च्या गॅझेटियरमध्ये साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा तालुका आहे. त्यामुळे कागदपत्रं मुंबईत आणि ठाण्यात अशी विखुरली आहेत. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात हाती न लागलेल्या गोष्टीसाठी ठाण्याची फेरी करावीच. १८९३ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मराठी पुस्तकं आणि मासिकं चाळत बसणं हा आमच्या काही जणांचा आवडीचा शनिवार झाला आहे.

क्रूस आणि प्लेग

आठवणींच्या वहीत या वेळी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, गावठाणांची भर पडली. गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, दोन घरांमधल्या मोकळ्या चौकात उभे असलेले दगडी क्रूस आपण येता-जाता पाहतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत यातले बरेच क्रूस नवसाने, साथ आवरावी म्हणून उभारले गेले. आम्ही क्रूसांची नोंद दगडांच्याच वहीत, त्याच नियमांनी करतो. चौथऱ्यावरचं साल, घराण्याचं नाव, लेखाची भाषा, मे महिन्यात तिथे प्रार्थना होते का, शेवटची रंगरंगोटी कोणी केली. या कामात गावठाणातल्या तरुण मुलीच पुढे आहेत. त्यांच्या आज्या त्यांच्याशी जितकं मोकळं बोलतात तितकं आमच्याशी बोलणार नाहीत. रस्ता रुंदीकरणात हलवलेल्या क्रूसांची मूळ जागाही त्याच सांगतात.

मंडपेश्वरला शाळेच्या मुलांबरोबर फेरी झाली. सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जाणारी शैव लेणी, आत नटराज. पोर्तुगिजांच्या काळात लेण्याचं झालेलं प्रार्थनास्थळ, भिंतीवर कोरलेला क्रूस, आणि माथ्यावर त्यांच्या इमारतीचे अवशेष. मुलांना आम्ही व्याख्यान दिलं नाही. आधी काय कोरलं आणि नंतर काय, हे त्यांनी स्वतः बघून ठरवायचं होतं. क्रूस जिथे कोरला तिथे आधी काय असेल, यावर सातवीतल्या मुलांनी केलेले तर्क आम्ही वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत.

पुढचं काम

गद्धेगाळाच्या वरच्या तुकड्याचा शोध चालू राहील. जुनी घरं पाडली जातात तेव्हा जोत्यात असे दगड निघतात, म्हणून गावठाणातल्या गवंड्यांना आणि ठेकेदारांना फोटो दाखवून ठेवले आहेत. एकसरच्या रेखाटनांची दुसरी फेरी डिसेंबरात, उन्हाचा कोन खाली आला की. ज्यांना जहाजबांधणीची माहिती आहे, विशेषतः कोळीवाड्यातल्या ज्या मंडळींनी लाकडी होडी बांधताना पाहिली आहे, त्यांनी या फेरीला नक्की यावं. जहाजाची नाळ आणि मागचं टोक यांतला फरक दगडावर कसा ओळखायचा, हे आम्हाला त्यांच्याकडून शिकायचं आहे. येताना टॉर्च, मोजपट्टी आणि पेन्सिल आणा; कोरे नोंदपत्रक आमच्याकडे मिळेल.